घरच्या कामाची हत्यारं: काय घ्यायचं, कुठल्या क्रमाने घ्यायचं आणि पहिली फळी भिंतीवर कशी लावायची

पडद्याचा रॉड, देवघराची फळी, बाथरूममधला टॉवेल हँगर, शू रॅकचं निखळलेलं दार, ही सगळी अर्ध्या तासाची कामं आणि नेमकं याच कामांना माणूस मिळत नाही. सुताराला फोन केला की "उद्या येतो" म्हणतो आणि तो उद्या काही उजाडत नाही, त्याचंही बरोबरच आहे म्हणा, एका रॉडसाठी तो अर्धा दिवस कशाला मोडेल. म्हणून ही कामं घरीच शिकून घ्यावीत असं मला मनापासून वाटतं, आणि घरातल्या कुणालाही जमतात, आईला जमतात, बारावीतल्या पोरीला जमतात, ताकद फार लागत नाही, फक्त हत्यार योग्य लागतं आणि घाई नको.

बहुतेक जण सुरुवात करतात ती ऑनलाइन शंभर पीसचं किट मागवून, ड्रिलसकट. डबा दिसायला छान असतो पण त्यातले निम्मे पीस म्हणजे बिट्स (मशीनच्या पुढे लावायची टोकं) आणि सॉकेट, त्यातले बरेचसे आयुष्यात लागत नाहीत, आणि जे लागतात ते मऊ लोखंडाचे निघतात, दोन स्क्रू घट्ट पिळले की टोक गोल. त्यापेक्षा मोजक्याच वस्तू घ्या पण चांगल्या घ्या आणि बाकीच्या काम पडेल तशा घेत जा. आणि त्याच्याही आधी एक गोष्ट आहे जिला पैसा लागत नाही.

आधी आपली भिंत ओळखा

कुठलं मशीन घ्यायचं हे तुमच्या भिंतीवर ठरतं, जाहिरातीवर नाही. आपल्याकडे घरागणिक भिंत वेगळी. जुन्या बिल्डिंगा आणि वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या सोसायट्यांत मातीच्या विटेची भिंत असते, आतली चार इंची, बाहेरची नऊ इंची, पण कॉलम आणि बीम मात्र आरसीसीचे, म्हणजे आत सळया असलेल्या काँक्रीटचे. गेल्या काही वर्षांतल्या बिल्डिंगांमध्ये राखाडी-पांढऱ्या हलक्या ब्लॉकची भिंत असते, एएसी ब्लॉक, पुण्याकडे लोक सरसकट सिपोरेक्स म्हणतात. आणि मोठ्या टॉवरमध्ये मिवान पद्धतीचं बांधकाम असेल, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून ओतलेलं, तर जवळपास सगळ्याच भिंती काँक्रीटच्या, तिथे साधं ड्रिल घेऊन गेलात तर पंधरा मिनिटं आवाज होतो आणि भोक अर्धा इंच. कोकणात गोव्यात जांभ्याच्या चिऱ्याची भिंत असते, वरून प्लास्टर, आत सच्छिद्र दगड, कुठे मऊ कुठे टणक.

ओळखायची कशी? बोटाच्या पेराने टकटक करून थोडं कळतं, भरीव आवाज की पोकळ आवाज, पण खात्री होते ती भुकटीवरून. पडद्याच्या मागे किंवा कपाटाआड कुठेतरी एक बारीक भोक पाडून बघा. सुरुवातीला अर्धा-पाऊण इंच राखाडी भुकटी येते, ते प्लास्टर, ते बहुतेक ठिकाणी असतं. त्याच्यापुढे काय येतं ते बघायचं. लाल भुकटी आली तर वीट किंवा जांभा. पांढुरकी, मऊ, टाल्कम पावडरीसारखी आणि बिट एकदम सुळकन आत गेला तर एएसी ब्लॉक. राखाडीच येत राहिली, बारीक, आणि बिट पुढेच सरकेना, मशीन थरथरायला लागलं, तर काँक्रीट. काँक्रीटमध्ये इंच-दीड इंचावर बिट अगदी ठप्प झाला आणि भुकटीत चकाकणारे कण दिसले तर आत सळई आहे, जोर लावू नका, इंचभर बाजूला सरका. कॉलम-बीममध्ये उगाच भोकं पाडूच नयेत, त्या सळया आपल्या डोक्यावरचं घर धरून असतात.

जिप्समची पार्टिशन असेल, ऑफिसात असते तशी, तर साधी गिट्टी, म्हणजे स्क्रूसाठी भोकात ठोकायचा प्लास्टिकचा प्लग, तिथे धरत नाही, हार्डवेअरवाल्याकडे बटरफ्लाय अँकर मागायचा, तो मागच्या बाजूला उघडतो. अमेरिकेत राहणारे आपले लोक हे वाचत असतील तर तिथली गोष्टच निराळी आहे, लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पत्रे, सांगाड्याचे उभे बहुतेक १६ इंचांवर, तो उभा शोधून त्यातच स्क्रू मारायचा. आणि इथून ड्रिल नेऊ नका, आपलं २३० व्होल्टचं, तिथे १२० व्होल्ट.

हाताची हत्यारं, मशीनच्या आधी

मेजरिंग टेप पाच मीटरची घ्या, ३ मीटरची खोलीला पुरत नाही. टेपच्या टोकाचा आकडा, म्हणजे हुक, थोडा हलतो, लोक दुकानात परत घेऊन जातात खराब आहे म्हणून. तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो. बाहेरून अडकवून माप घेताना आकडा ओढला जातो, आतून भिंतीला टेकवून घेताना दाबला जातो, आणि त्याची जाडी जेवढी तेवढाच तो सरकतो म्हणजे दोन्ही वेळा माप बरोबर येतं. सुताराशी बोलणार असाल तर इंच आणि सूत कळलं पाहिजे, एका इंचाची आठ सूतं, एक सूत म्हणजे तीन मिमीला किंचित जास्त. तो "सव्वा दोन इंच एक सूत" म्हणाला की गोंधळायचं नाही.

स्पिरिट लेव्हल फूटभराची पुरे. घेतानाच दुकानात तपासा, एका सपाट फळीवर ठेवून बुडबुडा कुठे येतो ते बघा, मग लेव्हल जागच्या जागी उलट फिरवून डावं टोक उजवीकडे करा, बुडबुडा त्याच जागी आला तर लेव्हल खरी. दुसरीकडे गेला तर दुसरी मागा. मोबाईलमधलं लेव्हलचं ॲप फोटो फ्रेमपुरतं ठीक, कॅमेऱ्याच्या फुगवट्यामुळे फोन सपाट टेकत नाही म्हणून फळीला मी वापरत नाही. खोलीच्या दोन टोकांना एकाच उंचीवर खूण करायची असेल तर गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी अजूनही सगळ्यात भरवशाची, दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला येतं, नळीत हवेचा बुडबुडा नसला तर चुकायला जागाच नाही. उभ्या रेषेला ओळंबा, तोही पन्नास-शंभरात येतो, दोऱ्याला जड नट बांधला तरी चालतं.

स्क्रू ड्रायव्हर. इथे पैसे वाचवू नका. फुलीच्या टोकात मापं असतात आणि आपल्या घरातले बिजागऱ्या, हँडल, स्विचबोर्ड, यातले बहुतेक स्क्रू दोन नंबरच्या फुलीचे असतात, म्हणजे पीएच टू. लहान टोक मोठ्या स्क्रूत घातलं की ते घसरतं, स्क्रूचं डोकं खरवडतं आणि मग तो स्क्रू काढणं म्हणजे वेगळं काम होऊन बसतं. म्हणून एक पीएच टू, एक त्याच्याहून लहान, एक चपट्या टोकाचा, तिन्ही वेगवेगळे आणि चांगल्या मुठीचे. उलटसुलट करून वापरायचा एकच मिळतो तोही चालतो सुरुवातीला. टापारियाची हत्यारं आपल्या नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीत बनतात, कंपनीने १९६९ मध्ये एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने सुरुवात केली होती, आणि आजही गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानापासून गॅरेजपर्यंत सगळीकडे दिसतात. त्यांची पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर घ्या असं मी कुणालाही डोळे झाकून सांगतो.

पक्कड आठ इंची, मुठीवर जाड इन्सुलेशनवाली. हातोडी घराला अर्धा किलोच्या आसपासची, मागे खिळे उपटायचा पंजा असलेली, आणि दांडा हलत नाही ना ते बघून. स्लाईड पाना दहा इंची, नळाचे चेकनट त्यानेच निघतात, सोबत टेफ्लॉन टेपचं एक रीळ आणून ठेवा. हॅक्सॉ म्हणजे लोखंड कापायची करवत, पडद्याचा पाईप कापायला ती लागतेच, ब्लेड लावताना दात पुढच्या दिशेला, म्हणजे कापणं ढकलताना होतं, खूप जण उलटं लावतात आणि मग ब्लेडला नावं ठेवतात. एक कानस, सपाट, कापलेल्या पाईपची धार मोडायला. एक गुण्या, काटकोन बघायला. एक कटर. झालं एवढंच.

टेस्टर राहिला, त्याच्याबद्दल नीट सांगतो कारण इथे जीवाचा प्रश्न आहे. टेस्टरमधला दिवा तुमच्या शरीरातून जाणाऱ्या अगदी बारीक करंटवर पेटतो, म्हणून तो पेटला नाही याचा अर्थ करंट नाहीच असं नसतं, जाड सोलच्या चपला, लाकडी स्टूल, दिव्याचा खराब झालेला बल्ब, कशानेही तो पेटणार नाही. म्हणून आधी चालू सॉकेटमध्ये टेस्टर पेटतो ना ते बघायचं, मग एमसीबी बंद करून ज्या तारेला हात लावायचा ती तपासायची, मग परत चालू सॉकेटमध्ये टेस्टर पेटतो याची खात्री करायची, तीन वेळा. आणि घरात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवलेला नसेल तर हत्यारं घ्यायच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून तो बसवून घ्या. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं, ते दाबलं की तो पडला पाहिजे, अधूनमधून दाबून बघत जा.

ड्रिल मशीन: कुठलं?

दुकानात दोन प्रकार दिसतात आणि दोन्हीला दुकानदार "हॅमर" म्हणतो, घोटाळा तिथेच होतो.

इम्पॅक्ट ड्रिलमध्ये आत दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून टकटक टकटक करतात, ठोके मिनिटाला हजारोंनी पण एकेक ठोका अगदी हलका, आणि मागून तुम्ही दाब दिला तरच तो ठोका कामाचा. रोटरी हॅमरमध्ये आत पिस्टन असतो, हवेच्या दाबाने तो मागून घाव घालतो, ठोके कमी पण प्रत्येक घाव जोरकस, तुम्ही मशीन फक्त धरायचं. त्याचे बिट पण वेगळे, मागे खाचा असलेले, एसडीएस म्हणतात, चावीने पिळायचे नसतात, खट करून बसतात.

विटेची किंवा एएसीची भिंत असेल तर ५०० ते ६०० वॅटचं इम्पॅक्ट ड्रिल भरपूर झालं. त्यात लाकूड होतं, पत्रा होतो, भिंत होते. वेग कमीजास्त होणारा ट्रिगर पाहिजे, उलटं फिरायचं बटण पाहिजे आणि हॅमर बंद-चालू करायची कळ पाहिजे, या तीन गोष्टी बघा, बाकी रंग आणि डबा कसाही असो. चांगल्या कंपनीचं बिट्ससकट किट साधारण तीन-चार हजारांच्या आत येतं. मिवानच्या फ्लॅटमध्ये राहत असाल तर मात्र सरळ लहान रोटरी हॅमर घ्या, दोन किलोच्या आसपासचा, किंवा तेवढ्या दिवसापुरता भाड्याने आणा, हार्डवेअरच्या बऱ्याच दुकानांत भाड्याने मिळतो. काँक्रीटमध्ये इम्पॅक्ट ड्रिलने झगडत बसणं म्हणजे बिट जाळणं, मशीन तापवणं आणि खालच्या काकूंचं डोकं उठवणं.

प्लगची काळजी करू नका, ५०० वॅटचं ड्रिल सव्वादोन अँपियरच्या आसपास ओढतं, साध्या ६ अँपियरच्या सॉकेटवर आरामात चालतं. मात्र एक्स्टेंशन बोर्ड बारीक वायरीचा मोबाईल चार्जिंगवाला नको.

कॉर्डलेस घ्यावं का असं सगळेच विचारतात. फर्निचर जोडायला, स्क्रू पिळायला, बिजागऱ्या बसवायला कॉर्डलेससारखं सुख नाही, पण विटेच्या भिंतीला १२ व्होल्टचं छोटं मशीन अपुरं पडतं. एकच घ्यायचं असेल तर पहिलं वायरवालं घ्या, दुसरं कॉर्डलेस. आणि कॉर्डलेस घेताना मशीन नाही, बॅटरीची कंपनी निवडताय असं समजा, कारण पुढची सगळी मशीनं त्याच बॅटरीवर घ्यावी लागतात. त्याच्या मानेवर आकडे असलेली रिंग असते ती क्लच, स्क्रू पिळताना लहान आकड्यापासून सुरू करा, स्क्रू बसला की कट्कट् आवाज येऊन मशीन सोडून देतं, प्लायमध्ये स्क्रू पार आत घुसत नाही.

बिट, गिट्टी, स्क्रू

हे त्रिकूट जुळलं की फळी हलत नाही. बिट तीन तऱ्हेचे. भिंतीचा बिट टोकाला जाड असतो, तिथे कार्बाइडची चकती झाळलेली दिसते. लोखंडाचा बिट टोकाला निमुळता, एचएसएस लिहिलेला. लाकडाचा बिट मधे बारीक टोचणी असलेला, त्यामुळे तो सरकत नाही. भिंतीचा बिट लाकडात घातला तर भोक फाटतं, लोखंडाचा भिंतीत घातला तर बिट मिनिटात बोथट.

गिट्टी म्हणजे प्लास्टिकचा वॉल प्लग, आत स्क्रू गेला की फुगतो आणि भोकाच्या भिंतीला घट्ट धरतो. पूर्वी सुतार लाकडाची खुंटी कापून ठोकायचे. तयार प्लग काढला तो इंग्लंडमध्ये जॉन रॉलिंग्ज यांनी १९११ साली, ताग वापरून, म्हणून अजूनही दुकानात "रावल प्लग" म्हटलं तरी देतात. नायलॉनचा, आत्ता मिळतो तसा, आर्टुर फिशर या जर्मन संशोधकाचा, १९५८ चा. नायलॉनचाच मागा, पांढरट ठिसूळ प्लास्टिकची स्वस्त गिट्टी पिळताना फाटते.

हिशोब सोपा आहे. ६ मिमी बिट, ६ मिमी गिट्टी, आठ नंबर स्क्रू, हे फोटो फ्रेम, घड्याळ, चावीचं स्टँड, हलका रॉड याला. ८ मिमी बिट, ८ मिमी गिट्टी, दहा नंबर स्क्रू, हे फळी, जड पडदे, आरसा याला. गिट्टीची लांबी महत्त्वाची, प्लास्टरच्या पलीकडे विटेत ती गेली पाहिजे, नुसत्या प्लास्टरमध्ये बसलेली गिट्टी प्लास्टरचा पापुद्रा घेऊनच बाहेर येते. म्हणून ५० मिमीची घ्या. स्क्रू तेवढा लांब अधिक ब्रॅकेटची जाडी. एएसीच्या भिंतीला साध्या गिट्टीऐवजी एएसीसाठीचा रुंद पंखांचा प्लग मिळतो तो घ्या, आणि टीव्हीसारखी जड वस्तू असेल तर केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून पक्का बसवायचा बोल्ट, ते काम जाणकाराकडून करून घेतलेलं बरं.

आता फळी लावू

समजा तीन फुटांची फळी आहे, दोन ब्रॅकेट, विटेची भिंत. फळी स्वतः कापत बसू नका, प्लायच्या दुकानात मशीनवर सरळ कापून देतात, माप लिहून न्या.

१. जागा ठरवा आणि वायर-पाईपचा विचार करा. भिंतीतल्या वायरी बहुधा स्विचबोर्डपासून सरळ वर किंवा सरळ खाली जातात, म्हणून बोर्डच्या वरच्या-खालच्या पट्ट्यात भोक नाही, शेजारच्या बोर्डाच्या आडव्या रेषेतही नाही. तसंच नळ, गिझर, फ्लशच्या रेषेत नाही. बाथरूमच्या मागची बेडरूमची भिंत असेल तर आत जाऊन नळ कुठे आहे ते मोजून या. शंका असेल तर वायर शोधायचा डिटेक्टर मिळतो, त्याला शंभर टक्के मानू नका, पण मदत होते.

२. वेळ बघा. बऱ्याच सोसायट्यांत दुपारी दोन ते चार ठोकाठोक चालत नाही, आणि नियम नसला तरी वरच्या आजोबांची ती झोपेची वेळ असते. शेजारी एकदा सांगून या.

३. पहिल्या ब्रॅकेटच्या वरच्या भोकाची खूण पेन्सिलने करा, बारीक फुलीची. दोन्ही ब्रॅकेटची सगळी भोकं एकदम मारू नका, ही माझी सगळ्यात आग्रहाची सूचना आहे. फक्त एक.

४. बिट चकमध्ये, म्हणजे मशीनच्या पुढच्या जबड्यात घाला आणि चावी तिन्ही भोकांत फिरवून आवळा, एकाच भोकात नाही, तीनही बाजूंनी आवळला की बिट मधोमध राहतो. चावी काढली ना ते बघा. भिंतीला लावायच्या आधी हवेत फिरवून बघा, टोक डुलत असेल तर सोडून परत बसवा. बिटवर टोकापासून साठ मिमीवर टेप गुंडाळा, तेवढंच आत जायचं.

५. डोळ्याला गॉगल, नाकाला मास्क. हातमोजे घालू नका, फिरणाऱ्या मशीनला मोजा अडकला तर बोटासकट ओढतो. ओढणी, साडीचा पदर, मोकळे केस, गळ्यातली चेन, सगळं बांधून. खाली जुना पेपर, आणि भोकाच्या जरा खाली भिंतीला एक पाकीट उघडं चिकटवा, भुकटी त्यातच पडते, गादीवर नाही.

६. हॅमर बंद ठेवून हळूच सुरू करा, दोन-तीन मिमीची खळगी होऊ द्या, म्हणजे बिट घसरणार नाही. मग हॅमर चालू. मशीन भिंतीला काटकोनात, कोपर अंगाजवळ, दाब सरळ मागून. मधेमधे बिट फिरत असतानाच बाहेर काढा, भुकटी बाहेर येते. एएसी असेल तर हॅमर अजिबात चालू करायचा नाही, भोक फुटून मोठं होतं. आणि काम झाल्याझाल्या बिटला हात लावू नका, चांगलाच चटका बसतो.

७. भोकातली भुकटी काढा. तोंडाने फुंकर मारू नका, सगळी डोळ्यात येते. फुटबॉलचा पंप, नाहीतर सलाईनची नळी लावलेली रिकामी बाटली, दोन-तीनदा दाबली की झालं. भुकटी राहिली तर गिट्टी पूर्ण आत जात नाही आणि नीट धरतही नाही.

८. गिट्टी हातोडीने हलक्या हाताने, भिंतीच्या बरोबरीला येईपर्यंत. हाताने सहज आत सरकली तर भोक मोठं झालंय. त्याला उपाय म्हणजे एक माप वरचा बिट आणि गिट्टी. काडेपेटीच्या काड्या कोंबतात लोक, हलक्या वस्तूला चालून जातं, फळीला नको.

९. ब्रॅकेट त्या एका स्क्रूवर टांगा, लेव्हल उभी लावून सरळ करा, आता खालच्या भोकाची खूण, ते भोक, तो स्क्रू. मग दुसऱ्या ब्रॅकेटसाठी फळी पहिल्यावर ठेवा, वर लेव्हल, दुसरं टोक कुणाला तरी धरायला लावा, बुडबुडा मधे आला की दुसऱ्या ब्रॅकेटची खूण. म्हणूनच एकेक भोक, कारण विटेत बिट दोन मिमी इकडेतिकडे सरकतोच आणि आधीच सगळ्या खुणा करून ठेवल्या तर तो फरक जिरवायला जागा राहत नाही.

१०. फळी ब्रॅकेटला खालून स्क्रूने. आधी ३ मिमी बिटने बारीक भोक पाडा, नाहीतर प्लायची कड फुटते. स्क्रूच्या आट्यांना मेणबत्ती घासा, सागवान असलं तरी स्क्रू लोण्यासारखा जातो. आणि स्क्रूची लांबी फळीच्या जाडीपेक्षा कमी ना ते बघून घ्या.

स्क्रू शेवटी हाताने आवळा, मशीनने नाही. हाताला जो ताण जाणवतो तो मशीनला कळत नाही. मग दोन्ही हातांनी फळीवर दाब देऊन बघा, नीट जोर लावून, त्यानंतरच वर सामान.

टाइलमध्ये भोक

टाइल फुटली तर तसलीच दुसरी मिळत नाही म्हणून इथे धीर ठेवायचा. टाइलवर मास्किंग टेपची फुली चिकटवा, खूण टेपवर. हॅमर बंद. काचेचा-टाइलचा भाल्यासारख्या टोकाचा बिट येतो, त्याने हळू वेगात, वर पाण्याचे थेंब, मात्र पाणी मशीनमध्ये जाता कामा नये, दुसऱ्या कुणाला स्पंजने सोडायला सांगा. भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइलला हा बिट पुरतो. व्हिट्रिफाइड टाइल फार टणक, तिला डायमंडचा गोल बिट लागतो. टाइल पार झाली की बिट बदला, मग भिंतीचा बिट. टाइलच्या काठापासून आणि कोपऱ्यापासून इंचभर तरी आत, कड लगेच तडकते.

पुढची मशीनं

पहिल्या दोन-तीन कामांनंतर काय घ्यावं हे तुमचं तुम्हालाच कळेल. लाकडाची आवड लागली तर जिगसॉ, वळणदार कापता येतं आणि त्यातल्या त्यात सुरक्षित. पॉलिश पेपर ८०, १२०, २२० असा चढत्या क्रमाने हाताने घासायला कंटाळा आला की सँडर. पटाशी आणि रंधा शिकायची इच्छा असेल तर फारच उत्तम, पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी जुन्या पटाश्या मिळतात, गंज वरवरचा असेल तर धार लावून झकास चालतात.

ग्राइंडर पहिल्या वर्षी घेऊ नका. स्वस्त मिळतो, व्हिडिओत सगळे वापरतात, म्हणून मोह होतो. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे मारतो, डिस्क फुटली तर तुकडा कुठे जाईल सांगता येत नाही. घ्याल तेव्हा गार्ड कधीही काढायचं नाही, डिस्कवर लिहिलेले कमाल फेरे मशीनपेक्षा जास्तच हवेत, एक्स्पायरी छापलेली असते ती बघायची, आणि लाकूड कापायचं दातेरी ब्लेड ग्राइंडरवर कध्धीच लावायचं नाही, सुतार लावताना दिसला तरी. ते ब्लेड लाकडात अडकलं की मशीन हातातून उसळतं आणि आवरत नाही.

घ्यायचं कुठून आणि जपायचं कसं

मुंबईत असाल तर एकदा नागदेवी स्ट्रीट पायी फिरा, पुण्यात बोहरी आळी. ऑनलाइन दोनशे रुपये कमी असतील पण दुकानात हत्यार हातात धरता येतं, मूठ बसते का कळतं, आणि मशीन चालू करून दाखवतात. पक्का बिल घ्या, वॉरंटी त्याच्यावर असते. बिट आणि गिट्ट्या मात्र जवळच्याच दुकानातून, त्या माणसाशी ओळख ठेवा, भिंतीचा फोटो दाखवला तर तो बरोबर सामान काढून देतो.

पावसाळा हा हत्यारांचा खरा शत्रू. जूनच्या आधी सगळी लोखंडी हत्यारं कोरड्या कपड्याने पुसा, मशीन ऑइलचा हलका हात फिरवा, जुन्या सुती कपड्यात गुंडाळा. कोकणात तर महिन्यातून एकदा उघडून बघावंच लागतं. बुटांच्या खोक्यातून येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकू नका, हत्यारांच्या डब्यात टाका. बाथरूमच्या माळ्यावर हत्यारं ठेवू नका, वाफेने गंजतात. कॉर्डलेसची बॅटरी पार उतरवून महिनोन्महिने ठेवली तर मरते, अर्धी चार्ज करून ठेवा.

वायरवाल्या मशीनमध्ये कार्बन ब्रश असतात, दोन छोटे चौकोनी तुकडे, ते झिजतात. मशीन मधेच बंद पडतंय, आतून जास्त ठिणग्या दिसतात, जळका वास येतोय, असं झालं की लोकांना वाटतं मोटर गेली. बरेचदा ब्रशच संपलेले असतात. मशीनचा मॉडेल नंबर दाखवून जोडी आणा, शंभर-दीडशेत मिळते, प्लग काढून बाजूची दोन टोपणं उघडली की जुने बाहेर, नवे आत. एक नाही, दोन्ही एकदम बदलायचे.